खिशातलं बदक

दि. ६ जानेवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहितो आहे, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला या घरात मोठ्याने बोलता येत नाही. बाळ झोपलेलं असतं. शिवाय जे सांगायचं ते हळू आवाजातही सांगण्यासारखं नाही. वाचून झालं की फाडून टाक. फाडलंस का ते कळव.

बाकी ठीक. लेक बरी आहे, जावई बरे आहेत. बाळाला खालचे दोन दात आले आणि त्यांचा पहिला उपयोग माझ्या बोटावर झाला. माझा गुडघा पूर्वीसारखाच, म्हणजे वाईट.

दर शनिवारी संध्याकाळी इथे खेळ मांडतात. पुठ्ठ्याचा मोठा पट, त्यावर रस्ते, शेतं, लाकडी मेंढ्या. वरच्या मजल्यावरची नर्स येते आणि तिचा नवरा येतो. तो लोकांना मोटार शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. मलाही बसवतात. पहिल्या दिवशी मास्तरांनी नियम सांगितले. एवढे नियम सातवीपर्यंतच्या अख्ख्या शाळेत मला कुणी सांगितले नव्हते. मी मान डोलावत राहिलो. शाळेत तेवढंच तर शिकलो होतो. मेंढ्या देऊन लाकूड का घ्यायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण मागेल त्याला मी मेंढी देतो, त्यामुळे सगळ्यांना माझ्याच शेजारी बसायचं असतं.

आता मुद्दा. मागच्या रविवारी सकाळी कोटाच्या खिशात हात घातला तर आत लाकडी बदक. अंगठ्याएवढं, पिवळं, त्यांच्याच खेळाच्या डब्यातलं. मी उचलल्याचं काही आठवत नाही. काल पट मांडायला मदत करतो म्हणालो आणि गुपचूप ते डब्यात टाकून दिलं. आज बदक पुन्हा खिशात.

आक्का, मी चोर झालो ग. आणि तोही बदकाचा. जन्मभर लोकांचे खिसे शिवले. त्यांत राहिलेली तिकिटं, चिठ्ठ्या, एकदा तर कुणाची कवळी, सगळं पुडीत बांधून परत केलं. आता माझाच हात मला विचारत नाही.

दादांचं आठवतं ना? शेवटच्या वर्षी कात्री पिठाच्या डब्यात ठेवायचे आणि आपल्या लेकरांनाच विचारायचे की कात्री कुणी नेली. त्यांचीही सुरुवात अशीच झाली असणार. लेक पुढच्या महिन्यात कामावर जाणार. बाळाला तुम्ही सांभाळाल का, असं दोनदा विचारून झालं तिचं. ज्याला बदक उचललेलं आठवत नाही, त्याला बाळ कुठे ठेवलं ते आठवेल का? काय सांगू तिला?

तुझा लोभ आहेच. सध्या थोडा जास्त लागेल.

धाकटा


दि. ११ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. फाडलं नाही. एवढं हसायला या वयात पुन्हा कधी मिळणार?

म्हणे चोर! लहानपणी आपण शेजारच्या झाडाचे पेरू चोरायला गेलो, तर तू मालकाला हाक मारून परवानगी मागितलीस. मार मला बसला. चोरीला अंगात धमक लागते, बाबा. सायकल शिकलास तेव्हा पडशील या भीतीने उतार दिसायच्या आधीच खाली उतरायचास आणि सायकल हातात धरून चालायचास. तुझी सायकल तुझ्याबरोबर फिरायला यायची. खिशाची एवढी धास्ती वाटत असेल तर खिसेच शिवून टाक. शिंपीच आहेस.

लेकीला घाईने नाही म्हणू नकोस. नाही म्हणायला तुला उभ्या जन्मात जमलं नाही, ते आता शिकू नकोस.

दादांचं आठवतं. त्यावर आज लिहीत नाही. तू नीट जेवतोस ना? झोप लागते ना? काय काय विसरतोस ते मला कळव. सगळं कळव.

लोभ मोजून देत नाही, लागेल तेवढा घे.

आक्का


दि. २० जानेवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी बदक पुन्हा खिशात निघालं. म्हणून तू सांगितल्याप्रमाणे खिसे शिवले. कोटाचे, सदऱ्याचा, विजारीचे. दुहेरी दोऱ्याने, बारीक टाके घालून. काम छान उतरलं, दाखवण्यासारखं, पण दाखवायचं कुणाला? जावयांनी विचारलं की बाबा, खिसे का शिवताय. मी म्हणालो, वारा शिरतो. ते उठून खिडकी लावून आले.

काल बदक डब्यात टाकलं आणि खेळ संपेपर्यंत दोन्ही हात टेबलावर पसरून बसलो. मास्तर म्हणाले, काय बाबा, बोटांचे ठसे द्यायला बसलात का? सगळे हसले. मीही हसलो, पण घाम फुटला. आणि आज सकाळी चष्म्याचं घर उघडतो तर आत बदक निजलेलं! चष्मा माझ्या डोक्यावर.

म्हणजे खिसा बंद झाला तशी हाताने दुसरी वाट शोधली. आक्का, तो माझ्यापेक्षा हुशार निघाला. सातवीच्या पुढे गेला असावा.

काय काय विसरतो ते कळव म्हणालीस. कागद घेऊन बसलो, पण एकही गोष्ट आठवेना. हे चांगलं की वाईट?

लेकीला आज नाही म्हणालो. कंबर दुखते, बाळ उचलवत नाही, दुसरी सोय बघ, असं सांगितलं. तेव्हा बाळ माझ्या कडेवरच होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, बरं म्हणाली आणि त्याला घेऊन आत गेली. दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

लोभ असेल तर रागावू नकोस.

धाकटा


दि. २३ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबा तुला लिहितात ते मला माहीत आहे, पाकिटं मीच तर पेटीत टाकते. म्हणून तुलाच विचारते. बाबा माझ्यावर रागावलेत का?

बाळाला सांभाळायला नाही म्हणाले. कंबर दुखते म्हणे. आणि त्याच संध्याकाळी बाळाला पाठीवर बसवून घरभर रांगत होते. आत्या, ती दुखरी कंबर म्हणजे मीच असणार. पाळणाघर बघून आले. स्वच्छ आहे, बायकाही मायाळू आहेत. नाव ठेवायला काही सापडलं नाही, तरी परतताना बसथांब्यावर उभी राहून रडले. मला बाळ बाबांपाशीच ठेवायचं होतं ग. आईनंतर हे घर त्यांना आपलं वाटायला लागलंय, असं मी धरून चालले होते.

शनिवारी तर किती रमतात! पटाच्या आड आमचा एक चोरटा खेळ चालतो. एका जुन्या खेळातलं लाकडी बदक तेवढं उरलंय, ते दुसऱ्याच्या नकळत त्याच्या अंगावर सरकवायचं. ज्याला सापडेल त्याने ब्र न काढता शनिवारच्या खेळातच ते दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. महिनाअखेरीला ज्याच्याकडे राहील तो सगळ्यांचे कप धुणार. मास्तरांनी पहिल्याच दिवशी हे नियम सांगितले तेव्हा बाबा अगदी मान डोलावून ऐकत होते.

आणि काय खेळतात! आम्ही त्यांच्या खिशात घालावं आणि पुढच्या शनिवारी डबा उघडावा, तर बदक डब्यात हजर. हे आजवर कुणाला सुचलं नव्हतं. हा डाव चालतो की नाही यावर बाबांच्या माघारी एक अख्खी संध्याकाळ भांडण झालं. शेवटी डबा उघडेल तो सापडला, असं ठरलं. डबा नेहमी हेच उघडतात, म्हणून दर वेळी हेच सापडतात आणि चिडून पुन्हा बाबांच्याच मागे लागतात. आता तर बाबांनी खिसेच शिवून टाकले! बचावाची एवढी तयारी कुणी केली नव्हती. मग ह्यांनी चष्म्याच्या घरात घातलं. कुणी बाबांकडे नुसतं पाहिलं तरी चेहरा असा पांढरा करतात की नर्सताई नाडी बघायला उठतात. नटसम्राटाचं सोंग नुसतं!

एवढा खेळकर माणूस माझ्यावर का रुसावा? तुला काही बोलले असतील तर सांग.

तुझ्या मायेची वाट पाहणारी,
भाची


दि. २७ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

येत्या शनिवारी सगळे खिसे उसव आणि खेळ सुरू व्हायच्या आधी, सर्वांसमोर, अंगावर जे जे निघेल ते पटावर काढून ठेव. बाळाला नाही का म्हणालास, ते खरं कारण लेकीला तिथेच सांग. का, ते विचारू नकोस. मी इथूनच तुझा जीव भांड्यात पाडू शकते, पण मग तू तिला कधीच काही सांगणार नाहीस, आणि ती तुझ्या कंबरेचा भलताच अर्थ लावून झुरत बसेल. थोरल्या बहिणीचा हुकूम समज.

मागच्या पत्रात तुझी थट्टा केली ती भीतीपोटी केली होती. तुला बोलले नाही, पण मलाही दादाच दिसत होते.

लोभ आहे, धाक त्याहून जास्त आहे.

आक्का


दि. ४ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हुकूम पाळला. शनिवारी वर्गात उभा राहायचो तसा उभा राहिलो, बदक पटावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. माझा हात चोर झालाय, मन दादांच्या वाटेने चाललंय, म्हणून बाळाला नाही म्हणालो, कंबर धडधाकट आहे. मग मास्तर जे हसायला लागले ते थेट खुर्चीवरून खाली. जावई माझ्या पाया पडत म्हणाले की बाबा, चार आठवडे मी रोज डोकं खाजवून तुमचा डाव ओळखायचा प्रयत्न करतोय. मग मला ते नियम पुन्हा सांगितले. मी मान डोलावली नाही, दोनदा विचारून घेतले. म्हणजे मी स्वतःला चोर समजत होतो आणि हे मला उस्ताद समजत होते. दोन्ही पदव्या शिक्षणाच्या मानाने मोठ्याच.

पण आक्का, हसण्याच्या भरात मी सदऱ्याच्या खिशातून निघालेला छोटा चमचाही पुढे केला आणि म्हणालो, मग हाही तुमच्यापैकीच कुणाचा असणार. हसणं थांबलं. खिसा तर मी स्वतः शिवला होता, चमचा आतच ठेवून. जावई म्हणाले, मीच घातला होता. त्यांचे कान लाल झाले. लेक म्हणाली, उगीच खोटं बोलू नका.

मग माझ्याकडे वळून म्हणाली की बाबा, हा तुमचाच. बाळाला भरवून झालं की तुम्ही चमचा खिशात टाकता आणि विसरता. धुणं भिजवताना मीच काढते. चमचा निघतो, बाटलीचं झाकण निघतं, मागे एकदा खुळखुळा निघाला. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, बाळ खायला लागल्यापासून. मी म्हणालो, हे ठाऊक असून बाळाला सांभाळाल का म्हणून मलाच विचारलंस? ती म्हणाली, ठाऊक होतं म्हणूनच तुम्हाला विचारलं. चमचा रोज विसरता, भरवायचं एकदा तरी विसरलात का? आणि दादांसारखं व्हायचंच असेल तर ते आमच्यादेखत होऊ दे, पिठाचे डबे मी बघून घेईन.

नर्स म्हणाली की तरी एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ, घरी बसून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. गुरुवारी जाणार आहे. भीती वाटतेच. ती माझी जुनी सोबतीण, तिला कुठे घालवू?

आज लेक कामावर गेली. पाळणाघराला नको म्हणून कळवलं. जाताना तिने मला काहीच सूचना दिल्या नाहीत. मीच तिला जिन्यापर्यंत जाऊन डबा, छत्री, किल्ली, रुमाल विचारलं. बाळ जेवलं, खेळलं, माझ्या मांडीवर झोपलं. दिवसभरात तिचा एकही फोन नाही. मला राहवेना. दुपारी मीच फोन लावला आणि रागावून विचारलं की तू फोन का केला नाहीस, काही काळजी आहे की नाही? ती म्हणाली, कशाला करू? तुम्ही आहात ना घरी.

बाळ चुळबुळतंय, इथेच पुरे करतो. तुझ्या लोभात राहू दे.

धाकटा