लेसर ओमेंटममधली माझी वाट

२ जुलै, सकाळी ६.१०
ॲनाटॉमीची परीक्षा वीस दिवसांवर. गेल्या वर्षी केवळ परीक्षकाच्या मूडमुळे राहिलो. धाकटी बहीण आता माझ्याच वर्गात. यंदा लटकलो तर ती पुढे, मी तिचा ज्युनियर. छे, प्रश्नच येत नाही! आजपासून रोज आठ तास.

सकाळी ६.४०
पेन्सिलींना टोक केलं. सुरुवात तर दणक्यात.

५ जुलै
लेसर ओमेंटम. लिव्हरपासून जठरापर्यंत आलेला पातळ पडदा. उजवी कड मोकळी, तिच्यामागे बोट जाईल एवढी फट. एवढंच? यासाठी लोक रडतात? दहा मिनिटांत खिशात. मग झोपलो. मेंदूलाही विश्रांती लागते.

९ जुलै
धाकटीने विचारलं, दादा, फटीच्या पुढे काय असतं, मागे काय? म्हटलं, आधी विषय समजून घे, घोकंपट्टी नको. बिचारी तीन-तीन तास डिसेक्शन हॉलमध्ये मृतदेहापाशी उभी असते. मी चित्रावरून करतो.

१४ जुलै
खिडकीच्या पडद्याचं मॉडेल केलं. वर उशी म्हणजे लिव्हर, खाली गरम पाण्याची पिशवी म्हणजे जठर. दुपारी आईने पडदा धुवायला टाकला. घरचेच असे, मग अभ्यास होणार कसा?

२२ जुलै
तोंडी परीक्षा झाली. परीक्षक मॅडम म्हणाल्या, मृतदेहात ती फट शोधा, बोट घालून दाखवा. घातलं. जरा टर्रकन आवाज आला, पण गेलं. मॅडम बघतच राहिल्या. म्हणाल्या, पंधरा वर्षं शिकवतेय, ही वाट कधी पाहिली नव्हती. थक्क केलं बाईंना!

संध्याकाळी
माझ्यानंतर धाकटीचा नंबर होता. तिला म्हणे विचारलं, हे भोक कसलं? ती म्हणाली, पडदा फाटलाय, खरी फट उजव्या कडेच्या मागे आहे. आगाऊ कुठली.

५ ऑगस्ट
निकाल. ती पास. मी राहिलो. मॅडमना नावीन्य झेपत नाही. आईने नुसतं ताट वाढलं. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

१२ ऑगस्ट
आमच्या कॉलेजात पुढच्या वर्षाच्या मुलींना मॅडम म्हणायचं, असा रिवाज आहे. आज जिन्यात धाकटी भेटली, सोबत सगळा घोळका. मी काय म्हणतो म्हणून सगळ्या थांबल्या. तिने हळूच माझा डबा पुढे केला. म्हणाली, दादा, घरी विसरला होतास.
म्हटलं, थँक यू, मॅडम. गंमत म्हणून म्हटलं.
कोणीच हसलं नाही.