स्कोलाच्या गोळ्या

१५ जानेवारी, मंगळवार

काउंटरवरच्या पोरीनं मला, दिसेल त्या म्हातारीला म्हणतात तसं, "ममी" म्हटलं! याच इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं गाठींचे काप तपासणीसाठी काचेवर रंगवले. "मी कुणाची ममी नाही. मिस क्वेसन म्हण." स्कोला हसली. "फिलो, भांडण उद्या कर. आज मला औषध मिळू दे." धाकटी बहीण, पण जन्मभर मलाच दटावते.

स्तनाच्या गाठीवरचं सलाइनमधलं औषध चालूच राहणार. जोडीला या नव्या चाचणीतल्या गोळ्या. निम्म्या बायकांना खऱ्या, निम्म्यांना नुसत्या पिठाच्या. कुणाला कुठल्या, हे डॉक्टरलाही ठाऊक नाही.

बाकावर शेजारी मेमुना नावाची पोरगी. उत्तरेकडची, तिशीही नसेल. पाठीवर बाळ, घरी आणखी दोन. तिचीही तीच गाठ. स्कोलानं बाळ मांडीवर घेतलं, ते मेमुनाचं नाव पुकारेपर्यंत सोडलं नाही.

१६ जानेवारी

चाचणीच्या डॉ. एशूनला फोन करून सगळं नीट विचारलं. पोरगा हुशार आहे, कंटाळला नाही. "आंटी, पेशीत काही आरएनए असे असतात की त्यांच्यापासून प्रथिन बनतच नाही." आम्हाला सिस्टर बेनिग्ना शिकवायची तेव्हा यांचा पत्ताही नव्हता. पुढे कुणीतरी कचरा म्हणून बाजूला टाकलं. कचरा कसला — मुकादम! औषधानं पेशी उपाशी पडली की हा चिमुकला मुकादम हुकूम सोडतो: स्वतःतलंच जुनंपानं मोडून खा, पण जग. चांगली पेशी हे बेतानं करते. गाठीतली हावरट. स्वतःला खाते आणि तगते. स्कोलाच्या गाठीत मुकादम फार माजलाय. मेमुनाच्याही. म्हणून तर दोघींना चाचणीत घेतलं.

आणि उपाय काय? खाल्लेलं पचूच द्यायचं नाही. त्यासाठी गोळी कुठली — तर मलेरियाची! आई नाक दाबून गिळायला लावायची ती क्लोरोक्वीन! मी फोनवरच मोठ्यानं हसले.

१८ जानेवारी

भांडी घासताना एकदम सुचलं. खाज! ती गोळी पोटात गेली की आम्हाला अंगभर खाज सुटायची. लाल मुंग्यांच्या वारुळावर बसवल्यासारखी. स्कोला नि मी चटईवर पाठीला पाठ लावून घासायचो. "खाली! अजून खाली! डावीकडे, गाढवे!"

म्हणजे खाज सुटली की गोळी खरी. आणि म्हणे, कुणालाच कळणार नाही! चाचणीचा आराखडा कुठल्यातरी थंड देशात लिहिलाय, तिथल्या गोऱ्यांना ही खाज कुठे ठाऊक! इथेही ती गोळी बंद होऊन वर्षं झाली, एशूनच्या वयाच्या पोरांनी तर ती धड पाहिलीही नसेल.

स्कोलाला विचारलं, "खाजतंय का?"

"नाही गं."

२० जानेवारी

नाही.

२३ जानेवारी

दंड बघितले, मान बघितली. एक ओरखडा नाही. "मला अशी उलटीपालटी करू नकोस," म्हणाली, "मी बाजारातली मासळी नाही."

२९ जानेवारी, मंगळवार

बाकावर जत्रा! मासे भाजणारी अराबा कंगव्यानं पाठ खाजवत ओरडत होती, "मला खरी लागली गं बायांनो! बघा, कातडं सोलवटलंय!" बाकीच्या टाळ्या पिटत होत्या. साठीच्या पुढच्या एकीलाही समजवावं लागलं नाही. आतून एशून येऊन विचारतो, "काय झालं?" काही नाही बाळा, तुझं गुपित बाकावर बसलंय.

मेमुना खाली मान घालून म्हणाली, "मला काहीच होत नाही, आंटी."

"मलाही नाही," स्कोला म्हणाली.

नव्या बाटल्या मिळाल्या. मी फॉर्मावर सही करायला आत गेले. बाहेर आले तर या दोघी डोक्याला डोकं लावून कुजबुजत होत्या. दोन बिनखाजेच्या! घरी येऊन मी स्वयंपाकघराची फरशी दोनदा पुसली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

मेमुना खाजवतेय! दोन्ही दंड, गळा. मागच्या खेपेला काही नव्हतं. म्हणजे काहींना उशिरा सुटते. मग स्कोलालाही सुटेल. सुटायलाच हवी.

खरं लिहायचं तर मला आनंद झाला नाही. मनात म्हटलं — देवा, हिची खाज काढ आणि माझ्या बहिणीला दे. पाद्रीबाबांपुढे हे बोलायची छाती होणार नाही. इथे लिहिते.

१७ फेब्रुवारी, रविवार

स्कोलानं मक्याच्या पिठाचा केंके अर्धाच खाल्ला, मासा माझ्या ताटात सरकवला. मग खुर्चीतच झोपली. मी तिचे हात बघत बसले. एकदा तरी नख उठू दे. एकदा ओरड, "डावीकडे, गाढवे!" मला फिलो म्हणणारं दुसरं कोण उरलंय? बाकी जगाला मी ममी.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

स्कोलाची गाठ वाढली. मेमुनाची निम्मी झाली.

मी एशूनच्या टेबलावर हात आपटला. "पिठाची गोळी देताय तिला! एकतीस वर्षं मी या इमारतीत —"

"आंटी, शपथ, मला खरंच माहीत नाही." त्याचे डोळे भरले. माझे नाही. मला एवढा राग आला होता!

स्कोलानं माझी बाही ओढली. "चल, ट्रोट्रो गाडी सुटेल." जाताना मेमुनाच्या बाळाचा मुका घेतला. वाटभर गुणगुणत होती.

६ मार्च, राखेचा बुधवार

चर्चमधून येताना स्कोलानं सांगितलं. कपाळावरची राख तशीच होती.

पहिल्याच दिवशी तिला खाज सुटली होती. पंधरा दिवस ओला टॉवेल अंगाला दाबून धरून सोसली. "तुला कळलं असतं तर बाटलीवर पहारा बसवला असतास." मग बाकावर मेमुनाशी बाटली बदलली. तेव्हापासून दर वेळी बदलते. "तिची तीन पोरं आहेत, फिलो."

मी तिला भर रस्त्यात मारलं. मग तिचा हात धरून घरापर्यंत आले.

मंगळवारी नव्या बाटल्या मिळतील, त्या दोघी बदलतील. मी मेमुनाच्या शेजारी बसेन, बाळ घेईन. तिला खाजवायला दोन्ही हात मोकळे हवेत.