सुलटं केलेलं कव्हर

कुडवा, गोंदिया
१२ ऑगस्ट २००९

प्रिय मिल्का,

तुझ्या आणि आमच्या हेमेंद्रच्या लग्नाला मी होळीच्या वेळी नाही म्हटलं, तेव्हा तू भांडली नाहीस. तीन पुस्तकं पाठवलीस, वर चिठ्ठी: काका, आमचा ज्यू धर्म आधी वाचा, मग ठरवा. तीस वर्षं बाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्याला पुस्तकं दाखवतेस होय, असं म्हणत मी बसलो.

तुझा क्रम मात्र चुकला, हं. रीतिरिवाजांचं पुस्तक तू पहिलं दिलंस, ते दुसरं हवं. नवख्यानं सुरुवात करावी ती तुमच्या जुन्या गुरूंच्या वादांच्या पुस्तकापासून. वादात हरलेल्याचंही मत तिथे मानानं जपून ठेवलेलं असतं, हे मला फार आवडलं. आमच्याकडच्या बैठकीत हरलेल्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

तिसरं तुझ्या आजोबांचं प्रार्थनांचं पुस्तक, अर्धं हिब्रू, अर्धं मराठी. शिवण उसवलेली, पुठ्ठा लोंबत होता. म्हटलं, आधी दुरुस्ती, मग वाचन. कुणा शिकाऊ माणसानं कव्हर उलटं चढवलंय असं समजून, त्याला दोन शिव्या हासडून मी ते सुलटं केलं. वर सोनेरी अक्षरांत आजोबांचं नाव घातलं. मग ऐटीत उघडलं, तर पहिल्याच पानावर 'समाप्त'! तुमची पुस्तकं उजवीकडून उघडतात, हे मला काय ठाऊक? कुंता, हेमेंद्रची आई, हसत सुटली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, "वाचल्याबिगरच बांधता, अन् वाचल्याबिगरच त्या पोरीले नाही म्हणून राहिले." फार लाज वाटली गं मला.

कव्हर उसवून पुन्हा तुमच्या रीतीनं चढवलं आहे. झिजलेल्या पानांचे गळालेले तुकडे रद्दीत टाकले नाहीत. देवाचं नाव असलेला कागद तुम्ही मातीत पुरता, हे एव्हाना वाचलं होतं. पाकिटात घालून ठेवलेत.

पण हे पत्र पुस्तकांची पोच म्हणून लिहिलेलं नाही. शुक्रवारच्या गाडीनं पनवेलला निघणार होतो, मग ध्यानात आलं की शनिवार हा तुमचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी तुमच्याकडे असली बोलणी होत नाहीत. तिकीट बदललं. रविवारी सकाळी मी आणि कुंता तुझ्या आईवडिलांकडे तुला मागणी घालायला येतो आहोत. होळीला तुम्ही मला जसे परके वाटलात, तसाच मीही त्यांना परका, त्यामुळे ते नाही म्हणतील. म्हणू देत. सगळं ऐकून घेईन, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन, हे त्यांना आत्ताच सांगून ठेव.

तुझाच,
बाबा