दिवे लागल्यावरचं पाणी

आई, तुझी नात बरी आहे. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे माझाही जीव भांड्यात पडेल. तू तिले पायलं नाही, तू गेल्यावर नऊ वर्षांनी झाली ती. आता सहाची आहे, अन् तोंडानं अगदी तुझ्यावर गेली.

तिले सारखा ताप यायचा अन् अंथरूण ओलं व्हायचं. घाटंजीत औषध घेतलं की उतरायचा, पंधरा दिवसांनी पुन्हा आहेच. मले माझं लहानपण आठवे. ओली गोधडी वाळत घालता घालता तू म्हणायची, "दिवे लागले का पाणी बंद." माठावर झाकण अन् झाकणावर वरवंटा ठेवायची. तेव्हा तुझा लय राग यायचा. अन् मी काय केलं? तेच. दिवे लागले की हिचा गिलास फळीवर.

मग नागपूरले नेलं. डॉक्टरीणबाईनं फोटो दाखवला. जन्मापासूनच लघवी मूत्राशयातून उलटी वर चढून राह्यली होती, एक मूत्रपिंड खराब होत चाललं होतं. ऑपरेशन रोबोटनं करू म्हणाल्या. यंत्र माझ्या पोरीच्या पोटात हात घालणार? बाईंनी समजावलं, यंत्र आपल्या मनानं काही करत नाही. त्या स्वतः बाजूले बसून त्याचे हात चालवणार, पोटाले बारीक भोकं पाडून मूत्रपिंडातून येणारी नळी मूत्राशयात नीट बसवणार. ऑपरेशनच्या वेळी तुझा जावई दाराशी बसून होता, मी उभीच. बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "नळी छान बसली. मूत्रपिंड वाचेल." आई, मी तिथंच फरशीवर बसली अन् ढसाढसा रडली. इतकं हलकं मले कधीच वाटलं नव्हतं. परवाच्या तपासणीतही सगळं ठीक निघालं.

एक गोष्ट मात्र राह्यली. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, हिले भरपूर पाणी द्या, पाणी कमी पडलं म्हणूनही हा त्रास वाढतो. पोरीनं गिलासभर पाणी गटागटा पिलं अन् त्यांनाच विचारलं, "दिवे लागल्यावर बी पिऊ?"

बाईंनी माझ्याकडं पायलं. "पाणी कोण बंद करायचं हिचं?"

मी म्हणाली, "तिची आजी."

पोरगी माझ्या तोंडाकडं पाहतच राह्यली. आजी तिनं फोटोतच पायली आहे. हे पत्र टाकायले पत्ता नाही तेच बरं. तू असती तर तुझ्यासमोर असं बोलायची माझी छाती झाली नसती.