हनुकाच्या भेटींचा कागद

तू आणलेल्या चंदेरी कागदाला घडी घातली की घडीवरचा मुलामा सुटून बोटांना लागतो. म्हणून तो कपाटात ठेवला. हनुकाच्या भेटी गुंडाळायला मी आणि ठकूने पांढऱ्या कागदावर बटाट्याच्या ठशाने निळे तारे उमटवले आहेत. ताव जेवणाच्या टेबलावर वाळताहेत. त्यांच्यावर किल्ल्या, हेल्मेट असलं काही टाकू नकोस. संध्याकाळी माझी बहीण येऊन ते घेऊन जाईल. आम्ही दोघी तिच्याकडे आहोत.

दरवर्षी हनुकाच्या आठही संध्याकाळी दिवे लावून झाले की ठकूला एकेक भेट मिळते. प्रत्येकीवर 'बाबांकडून' असं तुझ्या अक्षरात मीच लिहिते. बाबा कामावर असतात. काल ठसे मारता मारता ती म्हणाली, "आई, या वेळी 'बाबांकडून' मी लिहू? मलापण आता हुबेहूब जमतं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुला फोन केला, तर म्हणालास, "लिहू दे की, बिघडलं कुठे?"

यंदा तुझं नाव आमच्यापैकी कुणी लिहिणार नाही. एक ताव तुझ्यासाठी राखला आहे. तिला काही द्यायचं असेल तर स्वतः आण, स्वतः गुंडाळ.

सकाळी तुझ्या आईंचा फोन आला. "पहिल्या संध्याकाळी तरी उगवणार का आमचा दिवटा?" इतकी वर्षं मी 'कामात आहे' म्हणून तुझ्यावर पांघरूण घालत आले. आज ठकूसमोरच म्हणाले, "आई, ते त्यालाच विचारा. मी आता त्याच्याबरोबर राहणार नाही."