ज्युलियाँला पहिला नंबर

तीर्थस्वरूप तैयब मामांस,

ट्युनिशियातल्या आपल्या सफाक्सहून वायेलचा सलाम. तुमचे गुडघे, लिऑंची थंडी आणि मामींचा राग, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आईची तब्येत ठणठणीत आहे, म्हणजे मला बोलताना तिला अजिबात धाप लागत नाही.

मी रसायनशास्त्रात डॉक्टर झालो तेव्हा तुम्ही तिकडे फ्रान्समध्ये मिठाई वाटलीत. पुढे विद्यापीठातल्या जागेची वाट बघून बघून मी कॉल सेंटरमध्ये लागलो, हे मात्र तुमच्यापासून लपवलं. (आईची सक्त ताकीद: "मामा डायरेक्टर माणूस, त्याला काय वाटेल?") फोन फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांचे, म्हणून इथे आम्ही सगळेच दिवसभर फ्रेंच असतो. शेजारच्या खुर्चीवरची इंजिनियर हायफा 'क्लेर' होते आणि मी 'ज्युलियाँ'. दुपारी हरिसाची तिखट चटणी लावलेला पाव खाण्यापुरते तेवढे आम्ही घरी येतो.

तर मंगळवारी इंटरनेट बंद पडलं म्हणून तुम्ही ज्या ज्युलियाँला झापलंत, तो मीच. तुमचा आवाज ऐकून माझं धाबं दणाणलं. "त्या ट्युनिशियातल्या पोरांपेक्षा तुम्ही बरे, अस्सल फ्रेंच!" असं म्हणालात, तेव्हा हसावं की रडावं कळेना. मग राउटर सुरू होईपर्यंत तुम्ही गप्पांना बसलात. डॉक्टर भाच्याचं इतकं कौतुक केलंत की ज्युलियाँलाही त्याचा हेवा वाटला. आणि मग हळूच म्हणालात, "मी गोदामाच्या फाटकावर असतो, साहेब. घरी डायरेक्टर म्हणून सांगितलंय. तुम्ही परके, तुम्हाला सांगायला कसली लाज?"

मामा, तिथल्या तिथे तुमच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण कॉल रेकॉर्ड होत होता. आईला मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

तुमचा,
वायेल

ता. क. शेवटी गुण द्यायला सांगितल्यावर तुम्ही खूश होऊन एक दाबलंत. आपल्या घरात पहिल्या नंबराखेरीज काही चालत नाही, कबूल. पण इथे एक म्हणजे सगळ्यात वाईट, पाच म्हणजे उत्तम. तुमच्या त्या एकामुळे माझं नोकरीत कायम होणं अडलंय, आणि कायम झाल्याशिवाय रीमचे वडील आमच्या साखरपुड्याचं नाव काढू देत नाहीत. गुरुवारी क्लेर खात्री करायला फोन करेल. कृपा करून पाच दाबा.

पुन्हा ता. क. साखरपुड्याला कोट घालून या. रीमचे वडील आपल्या धाकट्या इंजिनियर मुलासाठी तुमच्या कंपनीत शब्द टाकायची गळ घालणार आहेत. नाही म्हणू नका. फाटकावर आणखी एक खुर्ची मावेलच.