दाट धुळीचा कमी आकडा

मंगळवार, अकरा तारीख

दिवट्या नातवा,

वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. तुझी बहीण लिहून घेते आहे. मी बोलते तसंच लिही म्हटलंय. पण शिवी आली की पेन थांबवते शहाणी.

इकडे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, मांजर व्यायलं. तुझा बाप खोकतो.

तू हिला गुपचूप लिहिलेलं पत्र काल मी हिच्याकडून वाचून घेतलं. आपल्या इथल्या कारखान्यातल्या मोठ्या नळीतून हवा नि दगडाची भुकटी मिळून वाहते, त्यात तू इकडे होतास तेव्हा लेझरचा उजेड सोडलास. कणांवर आपटून परततो तो उजेड मोजायचा. धूळ जास्त, उजेड जास्त. पण धूळ फारच दाटली की उजेड वाटेतच अडतो, परततो कमी, आणि यंत्र म्हणतं, धूळ कमी! नळीतली थोडी हवा बाहेर काढून, साफ हवा मिसळून पातळ करून पुन्हा मोजायला हवं होतं. हे तुला महिन्याभरात कळलं. मग दीड वर्ष तोंडात काय गुळणी धरली होतीस? "साहेब चिडतील," म्हणे. चिडू देत! खाणार आहेत का तुला?

तुझा तो 'धूळ कमी' असा आकड्याचा कागद कारखान्याच्या फाटकावर चिकटवून साहेबांनी धूळ ओढणारा एक पंखा बंद केला. शेजारचा फिटर तरी अजून कामावर तोंडाला फडकं बांधतो. तुझा बाप मात्र "माझ्या पोराने मोजलंय" म्हणत छाती पुढे काढून, उघड्या तोंडाने तिथल्या भुकटीच्या चाळणीपाशी उभा. आता त्या छातीतून शिट्टी वाजते. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला. डाग आहे म्हणाल्या.

हे लिहू नकोस गं... बरं, लिही. आधी तोही फडकं बांधायचा. मीच ओढून काढलं. म्हटलं, लेकाच्या कागदावर विश्वास नाही तुझा? चार बायकांसमोर मिरवायचं होतं मला. मी निदान अडाणी आहे. तुझं काय?

आज सकाळी तेच फडकं त्याच्यापुढे धरलं, तर हसला. "आई, पोराचा अपमान करतेस?" म्हणाला नि तसाच गेला कामावर. फडकं मी घडी करून ठेवलंय.

तू ये. बापाला समोर बसून सांग, आणि साहेबाला लेखी दे की आकडा चुकला. रविवारपर्यंत आला नाहीस, तर मी फाटकावर जाईन. मला वाचता येत नाही, फाडता येतं.

आशीर्वाद पाठवत नाही. घ्यायला ये.

तुझ्या बापाची आई